डिजिटल चित्रावर अभिप्राय देताना: पाहण्याचा, निवडण्याचा आणि लिहिण्याचा क्रम

कोणी आपले डिजिटल चित्र समाजमाध्यमावर टाकून ‘कृपया सुधारणा सुचवा’ असे लिहिले, की त्याखाली बहुधा ‘अप्रतिम’, ‘लय भारी’ अशी दाद तरी जमते, नाहीतर ‘अ‍ॅनाटमीवर काम करा’, ‘रंग डल वाटतात’ असे शेरे तरी येतात. दोन्ही वाचून झाल्यावर फाइल उघडून नेमके काय करायचे, हे चित्रकाराला कळलेले नसते. असे लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. त्यांचा क्रम चुकतो, कारण ते आधी लिहितात आणि मग, वेळ उरला तर, पाहतात. अभिप्राय वाचून चित्रकाराने त्याच दिवशी फाइल पुन्हा उघडावी आणि सुरुवात कुठून करायची हे त्याला ठाऊक असावे, एवढीच कसोटी धरून पुढील टप्पे लिहिले आहेत.

समजण्यास सोपे जावे म्हणून सर्व टप्प्यांत एकच काल्पनिक चित्र घेतले आहे. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी कोणी एक चित्र करीत आहे: कोकणातल्या कौलारू घराची ओटी, तिन्हीसांजेची वेळ, आणि नऊवारी नेसलेली एक बाई हात उंच करून वळचणीला आकाशकंदील टांगते आहे.

## तयारी: आधी स्वतःची स्क्रीन तपासा

रंगांविषयी दिलेले कितीतरी अभिप्राय पाहणाऱ्याच्या फोनमुळेच चुकतात. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून चालू केलेली पिवळसर छटा आणि आजूबाजूच्या उजेडानुसार रंग बदलणारी सोय, या दोन्ही बंद केल्याशिवाय रंगांवर बोलू नये. आपल्या उदाहरणातले चित्र तर सगळे कंदिलाच्या नारिंगी उजेडावरच उभे आहे. पिवळ्या पडलेल्या स्क्रीनवर तो उजेड किती उबदार आहे हे ठरवताच येणार नाही. स्क्रीनचा उजेडही मध्यमाच्या थोडा वर ठेवावा. अंथरुणात पडून, उजेड अगदी कमी करून पाहिले तर ओटीच्या आतला अंधार काळाकुट्ट दिसतो आणि त्यात चित्रकाराने जपून ठेवलेली दाराची चौकट दिसतच नाही.

चित्र मिळाले कसे, हेही पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेले चित्र दाबले जाऊन येते. आकाशासारख्या हळूहळू बदलत जाणाऱ्या छटांमध्ये त्यामुळे पट्टे आणि चौकोनी डाग उमटतात. तेच चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ फाइल मिळते.

तपासणी: रंगाविषयी काही म्हणायचे असेल, तर ते चित्र दुसऱ्या एखाद्या स्क्रीनवरही पाहिले आहे का? पाहिले नसेल, तर रंगाचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवावा.

## टप्पा १: चित्रकाराला काय हवे आहे ते वाचा

चित्राखालचा मजकूर पूर्ण वाचणे ही अगदी साधी गोष्ट आहे, आणि तीच सर्वांत जास्त वगळली जाते. त्या मजकुरातून चार गोष्टी शोधायच्या असतात: चित्र कशासाठी आहे, ते कोणत्या अवस्थेत आहे, ते कशावर केले आहे आणि प्रश्न नेमका काय आहे.

कशासाठी, हे कळले नाही तर चांगल्या निर्णयालाच दोष समजण्याची वेळ येते. मुखपृष्ठाच्या चित्रात वरचा भाग मोकळा असतो, कारण तिथे अंकाचे नाव यायचे असते. ‘वरती फार रिकामे वाटते, दोन-चार पक्षी टाका’ असे सुचवणाऱ्याने चित्रकाराचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग मोडायला सांगितलेला असतो. शिवाय हे चित्र छापले जाणार आहे; स्क्रीनवरचे झगझगीत निळे, हिरवे आणि नारिंगी रंग छपाईच्या चार शाईंत तसेच्या तसे उतरत नाहीत. तेव्हा ‘कंदील आणखी झगमगीत करा’ ही सूचना स्क्रीनपुरती बरोबर असली, तरी छापलेल्या पानावर तिचा उपयोग होईलच असे नाही.

अवस्थेचेही तसेच. कच्च्या रेखाटनावर साडीच्या काठाविषयी बोलणे घाईचे ठरते. उलट सगळे लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे सुटे थर, एकत्र करून टाकल्यावर ‘माणूस थोडा डावीकडे सरकवा’ असे सांगणे म्हणजे चित्र पुन्हा काढायला लावणे होय. साधनाविषयी विचारण्याचे कारण असे, की फोनवर बोटाने काढणाऱ्याला दाबानुसार जाडी बदलणारी रेघ सहजासहजी मिळत नाही. त्याची रेघ एकसुरी दिसते याला सरावाचा अभाव कारणीभूत असेलच असे नाही. त्याला रेघ स्थिर करण्याची सोय वापरून पाहण्यास सुचवता येते, जी आयबिसपेंट या फोनवरच्या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये आहे आणि संगणकावर मोफत मिळणाऱ्या क्रितामध्येही आहे. पेन टॅब्लेट घ्या असे सांगणे मात्र खर्चात पाडणारे असते.

यांपैकी काही लिहिलेले नसेल तर विचारावे, पण चारही प्रश्न एकदम विचारून उलटतपासणी घेऊ नये. ‘हे अजून बदलता येण्यासारखे आहे का, आणि तुम्हाला कशाविषयी ऐकायला आवडेल?’ एवढे पुरते.

इशारा: ज्याने अभिप्राय मागितलेला नाही त्याला सुधारणा सुचवू नयेत. आवडले असेल तर काय आवडले ते सांगावे, नसेल तर पुढे जावे.

## टप्पा २: काहीही न लिहिता पाहा

चित्र आधी लहान आकारात, अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहावे. पहिल्यांदा नजर कुठे गेली, तिथून कुठे सरकली आणि कुठे अडली, हे मनात नोंदवावे. ही नोंद फक्त पहिल्या नजरेतच मिळते; चित्र ओळखीचे झाले की डोळा चुका सांभाळून घेऊ लागतो. आपल्या उदाहरणात नजर कंदिलावरून बाईच्या चेहऱ्यावर जायला हवी. ती कंदिलावरून थेट खालच्या पांढऱ्या रांगोळीवर उतरत असेल, तर तो महत्त्वाचा धागा आहे.

त्यानंतर चित्र पूर्ण आकारात पाहावे. मोठे करून पाहणे सर्वांत शेवटी. स्वतः चित्रे काढणाऱ्यांना तीनशे टक्के मोठे करून कडा तपासण्याची सवय असते आणि अभिप्राय देतानाही ते तिथेच शिरतात; मग कानाच्या पाळीवरची सुटलेली रेघ सापडते आणि खांदा चुकलेला आहे हे दिसत नाही.

## टप्पा ३: चार तपासण्या करा

‘काहीतरी खटकते आहे’ ही भावना अभिप्राय म्हणून पाठवण्याजोगी नसते. ती कशामुळे आली हे पुढील तपासण्यांनी बहुतेक वेळा सापडते.

आडवे उलटून पाहणे. चित्र आरशातल्यासारखे उलटले की कललेला चेहरा, वरखाली झालेले डोळे आणि एका बाजूला झुकलेली रचना लगेच दिसते. फोनमधल्या साध्या फोटो संपादकातही ही सोय असते.

इशारा: तपासून झाल्यावर चित्र सरळ करूनच लिहायला घ्यावे. उलटलेले चित्र समोर ठेवून ‘डावा गाल’ लिहिले की चित्रकार चुकीचा गाल दुरुस्त करतो. सरळ चित्रातही ‘उजवा’ म्हणजे पाहणाऱ्याचा की चित्रातल्या व्यक्तीचा, हे उजवे-डावे लिहिण्याआधीच स्पष्ट करावे.

रंग काढून पाहणे. काळे-पांढरे केल्यावर उजेड आणि अंधार यांची विभागणी उरते. बाई आणि तिच्यामागची भिंत एकाच करड्या छटेत विरघळत असतील, तर रंग कितीही वेगळे असले तरी आकृतीला उठाव येत नाही. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. काही प्रणालींत रंगाची तीव्रता शून्य केली की शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच करड्यात येतात, जरी डोळ्याला पिवळा कितीतरी उजळ दिसतो. म्हणून चित्रावर काळ्या रंगाने भरलेला लेअर ठेवून त्याचा मिश्रणाचा प्रकार (ब्लेंड मोड) ‘कलर’ करणे, ही फोटोशॉपमध्ये अधिक भरवशाची पद्धत आहे.

उजेडाचा माग काढणे. उजेड कुठून येतो ते ठरवून प्रत्येक मोठ्या आकाराला विचारावे: तुझी उजळ बाजू तिकडेच आहे ना? डिजिटल चित्रात हा दोष विशेष आढळतो, कारण चेहरा एका संदर्भछायाचित्रावरून, हात दुसऱ्यावरून आणि घर तिसऱ्यावरून घेतलेले असते आणि प्रत्येकात उजेडाची दिशा निराळी असते. दिशेबरोबर रंगही पाहावा. लाल-नारिंगी कागदातून गाळून आलेल्या उजेडात पांढरी चोळी पांढरी राहणार नाही. कंदिलाचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, त्यामुळे चेहरा आणि पायांजवळचा काठ सारखेच उजळलेले असतील तर संध्याकाळ खोटी वाटू लागते.

मोजमाप आणि यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह). दूर जाणाऱ्या आडव्या रेषांपैकी डोळ्यांच्या पातळीच्या वरच्या रेषा खाली उतरत जातात आणि खालच्या वर चढत जातात. म्हणजे वळचणीची कड आणि जोत्याची कड दूर जाताना एकमेकींकडे यायला हव्यात. माणसाच्या बाबतीत, सरळ समोर पाहणाऱ्या डोक्यात डोळे उंचीच्या साधारण मध्यावर असतात. मान वर केली की हे माप लागू पडत नाही. उचललेल्या हाताकडे नीट पाहावे. हात डोक्याच्या वर जातो तेव्हा खांदाही वर चढतो आणि सरळ उंचावलेल्या हाताचे कोपर साधारण डोक्याच्या माथ्याजवळ येते. खांदा खालीच ठेवून वरून हात जोडल्यासारखा दिसणे, ही नेहमीची चूक आहे.

मोठ्या डोळ्यांच्या, लांबट मानेच्या शैलीतील चित्राला यथार्थ मोजमाप लावू नये. तिथे पाहायचे ते एवढेच, की शैली सगळीकडे सारखी पाळली आहे का.

## टप्पा ४: सापडलेल्यांतून दोनच मुद्दे निवडा

या तपासण्यांनंतर सहा-सात गोष्टी सहज हाती लागतात आणि अभिप्राय देणारा त्या सगळ्या लिहून मोकळा होतो. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. सात सूचनांची यादी वाचणारा माणूस सर्वांत सोपी सूचना आधी करतो, आणि ती बहुधा सर्वांत कमी महत्त्वाची असते.

क्रम लावताना रचना आणि नजरेचा मार्ग सर्वांत वर ठेवावा. त्याखाली उजेड-अंधाराची विभागणी, मग शरीररचना आणि यथार्थदर्शन, मग रंग, आणि कडा, पोत, नक्षी हे शेवटी. वरचा दोष सुटला की खालचे काही दोष आपोआप बदलतात किंवा नाहीसे होतात, म्हणून निवड वरून करायची.

समजा आपल्या चित्रात हे सापडले: चेहऱ्यावरचा उजेड उलट्या बाजूला आहे, खांदा चढलेला नाही, वळचणीची कड थोडी चुकली आहे, साडीच्या काठावरची नक्षी घडीबरोबर वळत नाही, मागची झाडे फार गुळगुळीत आहेत आणि सही मोठी आहे. काठाच्या नक्षीवर बोलण्याचा मोह मोठा असतो, कारण तिथे आपले ज्ञान दिसते. तो आवरावा. उजेड आणि खांदा हे दोन मुद्दे घ्यावेत. चित्र जवळजवळ पूर्ण असेल आणि लेअर एकत्र केलेले असतील, तर फक्त उजेडाचा मुद्दा घ्यावा, कारण तो वरून एक नवा लेअर घेऊन सुधारता येतो. खांद्याचा मुद्दा पुढच्या चित्रासाठी म्हणून एका वाक्यात सांगावा.

तपासणी: निवडलेला मुद्दा चित्राच्या हेतूला बाधा आणतो आहे, की तो केवळ आपल्या आवडीचा आहे? ‘साडी हिरवी असती तर’ हे दुसऱ्या प्रकारात मोडते.

## टप्पा ५: लिहा

अनोळखी चित्रकाराला ‘तुम्ही’ म्हणावे. नावाखालचे माणूस चौदा वर्षांचे आहे की निवृत्त चित्रकला शिक्षक आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून अंदाजाने ‘ताई’, ‘दादा’, ‘बाळा’ यांपैकी काहीही जोडू नये. गुण किंवा श्रेणीही देऊ नये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे चित्राला श्रेणी देण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना लागलेली आहे, पण ‘दहापैकी सात’ ऐकून उरलेले तीन कुठे गेले हे कोणालाच समजत नाही.

मजकुरात चार गोष्टी क्रमाने याव्यात: काय टिकवायचे, नजर कुठे अडली, का अडली आणि काय करून पाहता येईल. पहिली गोष्ट केवळ सौजन्यासाठी नसते. चित्रकार बदल करायला बसला की चांगला भागही हलवतो, म्हणून कशाला हात लावू नये हे सांगणे ही तितकीच उपयोगी माहिती असते.

नेहमी आढळणारा अभिप्राय असा असतो:

> छान प्रयत्न! पण फेस थोडा ऑफ वाटतोय आणि लायटिंग फ्लॅट आहे. प्रॅक्टिस करत राहा.

त्याच चित्रावर, तेच दोष ध्यानात घेऊन, असे लिहिता येते:

> नमस्कार. ओटीच्या आतला अंधार तुम्ही फार संयमाने ठेवला आहे, त्यामुळे कंदील पाहताक्षणी नजरेत भरतो. पुढे बदल केलेत तरी तो अंधार तसाच राहू द्या. चेहऱ्यापाशी माझी नजर अडली. (खाली उजवे-डावे म्हणतो आहोत ते चित्र पाहणाऱ्याचे.) कंदील चेहऱ्याच्या उजवीकडे आणि वर आहे, पण चेहऱ्याचा उजळ भाग डाव्या गालावर आहे, त्यामुळे ती कंदिलाजवळ उभी आहे असे वाटत नाही. एका नव्या लेअरवर उजवा गाल, कपाळाची उजवी कड आणि उचललेल्या मनगटाची आतली बाजू यांवर कंदिलाचाच फिकट नारिंगी लावून पाहाल का? डावा गाल एका छटेने गडद केलात तर फरक लगेच दिसेल. दुसरे, उचललेल्या हाताचा खांदा थोडा वर घेतला तर हाताचा ताण जाणवेल. आरशासमोर हात वर करून स्वतःचा खांदा पाहिलात तर किती वर घ्यायचा ते कळेल.

‘डल’, ‘फ्लॅट’, ‘ऑफ’ हे शब्द लिहिण्याची वेळ आली तर थांबून त्यामागचे कारण शोधावे. ‘डल’ या एका शेऱ्यामागे किमान तीन वेगळे दोष असू शकतात. सावल्यांसाठी ‘मल्टिप्लाय’ (खालचे रंग गडद करणाऱ्या) लेअरवर निव्वळ काळा किंवा करडा वापरलेला असू शकतो, ज्यामुळे अंगाचा आणि कापडाचा रंग मळकट होतो. तिथे काळ्याऐवजी निळसर जांभळा घेऊन पाहण्यास सांगावे. सगळ्या छटा मधल्याच पट्ट्यात असू शकतात, आणि तेव्हा रंग बदलून काही होत नाही, अंधार वाढवावा लागतो. किंवा सर्वच रंग सारख्याच तीव्रतेचे असू शकतात. अशा वेळी तीव्रता वाढवण्याऐवजी कंदिलाभोवतीचे सोडून बाकीचे रंग मवाळ करावे लागतात. तिन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे नुसते ‘डल’ म्हणणाऱ्याने चित्रकाराला अंदाज बांधायला सोडून दिलेले असते.

दुसऱ्या चित्रकाराशी तुलना करू नये आणि ‘शिकाऊ असूनही’ असे कधीही लिहू नये.

## टप्पा ६: चित्रावर रेघ ओढून दाखवायची असेल तर

खांद्याची जागा किंवा वळचणीचा उतार शब्दांत सांगण्यापेक्षा रेघ ओढून चटकन कळतो. तरीही आधी परवानगी घ्यावी. मूळ चित्र पुसट करून, वरच्या लेअरवर एकाच ठळक रंगाने फक्त आवश्यक त्या रेषा काढाव्यात. चेहरा स्वतःच्या पद्धतीने रंगवून ‘हे बघा, असे हवे’ म्हणून पाठवले, की चित्रकाराला शिकण्यासारखे काही उरत नाही.

इशारा: अशी दुरुस्त प्रत खासगीतच पाठवावी आणि कुठेही प्रसिद्ध करू नये. आपल्या कृतीची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कलाकाराला आहे, हेही लक्षात असू द्यावे.

चित्र दुसऱ्याचे गिरवलेले आहे किंवा एआयने केलेले आहे असा संशय आल्यास तो चारचौघांत लिहू नये. सहा बोटे दिसली म्हणून एआय, हा निष्कर्ष हात काढायला शिकणाऱ्यावर अन्याय करतो. संदर्भ कोणता घेतला, किंवा कामाचे टप्पे पाहायला मिळतील का, असे खासगीत विचारावे. प्रोक्रिएटसारख्या अ‍ॅपमध्ये कामाचा धावता व्हिडिओ आपोआप नोंदला जातो, त्यामुळे ज्याच्याकडे तो आहे त्याला दाखवणे अवघड नसते.

## टप्पा ७: पाठवण्यापूर्वी आणि उत्तर आल्यावर

लिहिलेला मजकूर एकदा चित्र समोर न ठेवता वाचावा. जागा, कारण आणि कृती एवढ्यावरून समजत असतील तरच पाठवावा. ‘चुकले आहे’ जिथे आले असेल तिथे ‘माझी नजर अडली’ किंवा ‘मला असे दिसले’ चालते का ते पाहावे. चालत असेल तर तेच अधिक खरे असते, कारण आपण एका प्रेक्षकाची साक्ष देत असतो.

उत्तरात चित्रकाराने आपला निर्णय समजावून सांगितला, म्हणजे ‘डाव्या गालावरचा उजेड आतल्या समईचा आहे’ असे म्हटले, तर तो वाद समजू नये. ती समई प्रेक्षकाला दिसत नाही एवढेच त्याला कळवावे आणि ती दाखवायची की नाही हे त्याच्यावर सोडावे. उत्तर आलेच नाही तर आठवण करून देऊ नये.

सुधारलेले चित्र आले तर जुने आणि नवे शेजारी ठेवून पाहावे आणि कोणत्या बदलाने काय साधले ते नाव घेऊन सांगावे. टप्पा ४ मध्ये बाजूला ठेवलेली वळचणीची कड, नक्षी, झाडे आणि सही यांची यादी या वेळीही बाहेर काढू नये. त्याने ‘आणखी काही?’ असे विचारलेच, तर त्यातला सर्वांत वरचा एक मुद्दा, म्हणजे वळचणीची कड, तेवढा घ्यावा.